अथेनाच्या हातातला मोर

मयूरा दळवीला राग यायला वेळ लागतो, असं तिचा नवरा यतिन सगळ्यांना सांगतो. साफ चूक आहे. राग तिला लगेच येतो. तो तोंडाबाहेर पडायला मात्र पंधरा वर्षं लागली, आणि ज्या सोमवारी तो पडला त्या सोमवारची ही हकीकत आहे.

मेलबर्नमध्ये ग्लेन वेव्हर्लीपासून गाडीने दहा मिनिटांवर ग्रीक लोकांचा एक जुना हॉल आहे. कुठल्याशा बेटावरून साठ-सत्तर वर्षांपूर्वी आलेल्या कुटुंबांनी वर्गणी काढून बांधलेला. त्यांची लग्नं, बारशी, कुणी गेल्यावर चाळिसाव्या दिवशी घालायचं जेवण, सगळं तिथेच होतं. मयूरा त्या हॉलची केअरटेकर. शब्द ऐकायला भारदस्त आहे. प्रत्यक्षात झाडायचं, पुसायचं, संडास धुवायचे, खुर्च्या मांडायच्या, खुर्च्या उचलायच्या, सकाळी कुलूप उघडायचं आणि संध्याकाळी लावायचं. हे ती सहा वर्षं करत होती आणि चोख करत होती.

चिंचवडहून आली तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. कुकरीचा डिप्लोमा, दिवसा कॉलेज, संध्याकाळी एका रेस्टॉरंटच्या मोरीत भांडी. तिथे शेफच्या हातून ग्लासांचा क्रेट पडला आणि सॉरी मयूरा म्हणाली. घरात सोबत राहणाऱ्या मुलीने गॅस चालू ठेवला, घरमालक ओरडायला आला, सॉरी मयूराच म्हणाली. व्हिसा लटकलेला असला की माणूस न केलेल्या गोष्टींचीही माफी मागून मोकळा होतो. पुढे लग्न झालं, यतिनला कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत डिझेल मेकॅनिकची नोकरी लागली, दोन आठवडे तिकडे आणि एक आठवडा घरी असं चक्र सुरू झालं. पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, आला, नंतर घरही झालं. व्हिसाची भीती गेली. सॉरीची खोड तेवढी उरली.

हॉलच्या दर्शनी खोलीत सात मूर्ती आहेत. माणसाहून थोड्या कमी उंचीच्या, पांढऱ्या प्लास्टरच्या. किरिया स्तामातिया नावाची त्र्याऐंशी वर्षांची बाई त्या संस्थेची सेक्रेटरी आहे, तिच्या नवऱ्याने केलेल्या. तो घरांच्या छतांना प्लास्टरच्या नक्षीच्या पट्ट्या बसवायचा. कामावरून आला की उरलेल्या प्लास्टरमधून देवी करायचा. एक पूर्ण व्हायला वर्ष लागायचं. सातवी झाली आणि तो गेला.

"चेहरे बघू नकोस," किरियाने पहिल्याच दिवशी आपल्या तुटक इंग्रजीत मयूराला बजावलं. किरिया म्हणजे आपल्याकडे बाईसाहेब म्हणतात तसं. मयूरा तिला नुसतं किरिया म्हणायची. "चेहरा सातही जणींचा माझाच आहे. त्याला दुसरा येत नव्हता. हात बघ. हातात काय आहे ते बघ. मग कळेल कोण."

मयूराला हे समजायला एक मिनिट लागलं नाही. आपण तरी काय करतो? वीणा दिसली की सरस्वती, त्रिशूळ दिसला की अंबाबाई. नाकाडोळ्यांवरून कुठला देव कुणी ओळखलाय?

घुबड हातावर घेतलेली ती अथेना, अकलेची आणि लढाईची. मोर आणि डाळिंब हेराचं. ती देवांच्या राजाची राणी आणि लग्नाची देवी, नवरा मात्र बाहेरख्याली, त्यामुळे कायम कावलेली. गव्हाच्या ओंब्या डिमीटरच्या. धनुष्य आर्टेमिसचं, पायाशी हरणाचं पाडस. कबुतर आणि शिंपला अफ्रोडायटीचा, कारण ती समुद्राच्या फेसातून वर आली. हेस्तिया चुलीची. तिच्या हातात काहीच नाही, समोर विस्तवाचं भांडं आणि डोक्यावर पदर. आणि दाराशेजारी, बाकीच्यांपासून लांब, हेकाटी. एका हातात मशाल, दुसऱ्या हातात वीतभर किल्ली, पायाशी कुत्रा. दारं आणि तिठे तिच्या राखणीत.

या वस्तू मूर्तींना चिकटवलेल्या नव्हत्या. म्हाताऱ्याने प्रत्येक वस्तू वेगळी करून पितळी खुंटीवर बसवली होती, काढता यावी, साफ करता यावी म्हणून. महिन्यातून एकदा मयूरा सगळं उतरवायची, मऊ ब्रशने झटकायची, ओलसर फडक्याने टिपायची आणि परत ज्याचं त्याला द्यायची. किरिया चर्चला जाणारी बाई, जेवणाआधी छातीवर क्रॉस करणारी. मयूराने एकदा विचारलं, मग या देवी कशाला? किरिया म्हणाली, "आता या देवी नाहीत. म्हाताऱ्या नातेवाईक आहेत. त्यांना घराबाहेर काढतं का कुणी?"

पहिल्याच महिन्यात मयूराच्या हातून हेकाटीच्या कुत्र्याचा कान तुटला. ब्रश लागला आणि टक्कन आवाज झाला. दर्शनी खोलीत कुणी नव्हतं. कान खिशात घालून गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण तो तिने खरोखर तोडला होता. न केलेल्याची माफी इतकी वर्षं मागितली, केलेल्याची लपवायची कशी? तिने त्याच मिनिटाला किरियाला फोन लावला. म्हातारी टॅक्सी करून आली, कान चाचपला, डिंक मागितला, दोघींनी मिळून तो बसवला. जाताना तिने पर्समधून हॉलच्या किल्ल्यांचा जुडगा काढून मयूराच्या हातात दिला. तोवर रोज सकाळी संस्थेचा एक म्हातारा दार उघडायला यायचा. त्या दिवसापासून आला नाही.

ऑस्ट्रेलियात मयूराकडे पुष्कळ गोष्टी होत्या, पण एकूण एक अर्ज भरून मिळवलेल्या. कागद न दाखवता तिला मिळालेली ही एकच. तो जुडगा ती स्वयंपाक करतानाही कमरेला ठेवायची आणि यतिन त्यावरून तिला चिडवायचा.

गेल्या दोन वर्षांत किरियाच्या डोळ्यांना नेमकं समोरचं दिसेनासं झालं. कडेकडेचं दिसतं, मधे राखाडी डाग. वाचता येत नाही, चेहरा ओळखता येत नाही. पण दर सोमवारी अकराला ती यायची आणि दर्शनी खोलीत शिरली की एकेका मूर्तीच्या हाताला हात लावत, नाव घेत पुढे जायची. शाळेत हजेरी घेतात तशी. घुबडाची चोच लागली की "अथेना". मोराचा पिसारा लागला की "हेरा". सातवं नाव झालं की म्हणायची, "सगळ्या आहेत. आता कॉफी."

आता मंडळाकडे येऊ. ग्लेन वेव्हर्लीच्या मराठी मंडळाची अध्यक्ष शिवांगी. एका बँकेत आयटी मॅनेजर, हुशार, उरक दांडगा, आणि स्वतःचं चुकू शकतं ही शक्यता तिच्या डोक्याला कधी शिवलेली नाही. ऑक्टोबरच्या भोंडल्यासाठी मंडळाने घेतलेला शाळेचा हॉल ऐन वेळी रद्द झाला आणि तिने इथे फोन केला. हॉल बघायला आली तेव्हा दहा मिनिटं मयूराशी इंग्रजीत बोलत होती. मयूरा म्हणाली, "मी मराठीच आहे हो."

"अय्या! मग तू इथे काय, मॅनेजर का?"

"केअरटेकर. झाडते, पुसते."

शिवांगीचं "ओह, नाइस" यायला थोडा उशीर लागला. त्या उशिराचा मयूराला जो राग आला तो तिने नेहमीच्या ठिकाणी, म्हणजे पोटात, ठेवला. किरिया बाहेरच्यांना हॉल द्यायला नाखूष होती. मयूरानेच तिला गळ घातली. "माझी माणसं आहेत, किरिया. मी आहे ना." हे तिचे शब्द. कुणी तिच्याकडून वदवून घेतले नव्हते.

मूर्ती पाहून मंडळाला थीम सुचली: जगातल्या देवी, शक्ती एकच. कल्पना वाईट नव्हती, हे मयूराही कबूल करेल. मूर्ती सात आणि दुर्गा नऊ, उरलेल्या दोन कुठून आणायच्या, यावर व्हॉट्सॲपवर चार दिवस खल झाला. शेवटी नवाचा नाद सोडून प्रत्येकीला ओढणी पांघरवायची आणि गळ्यात आपल्या देवीच्या नावाची पाटी अडकवायची असं ठरलं. डिमीटर झाली अन्नपूर्णा. समुद्रातून आलेली अफ्रोडायटी झाली लक्ष्मी. धनुष्यवाली दुर्गा. अथेना विद्येची म्हणून सरस्वती. हेकाटीला मात्र जोडीची देवी कुणाला सापडेना. ती दाराशीच असल्याने चपलांचं स्टँड तिच्यासमोर लागलं.

रविवारी दुपारी सव्वाशे माणसं आली. मयूरा स्वयंपाकघरात गरम पाण्याचा ड्रम भरत होती, तेवढ्यात बायकांचं टॉयलेट तुंबल्याची वर्दी आली. ती पाऊण तास तिकडे अडकली. दर्शनी खोलीत त्या वेळात काय चाललं होतं ते तिला दिसलं नाही. बाहेर आली तेव्हा मूर्तींच्या अंगावर रंगीत ओढण्या होत्या आणि विनीता नावाची मंडळाची एक बाई तबक घेऊन त्यांना हळदीकुंकू लावत होती. मनापासून लावत होती. एकही राहू नये म्हणून बोटावर मोजत होती. चपलांच्या स्टँडमागे वाकून तिने हेकाटीलासुद्धा ओलं कुंकू लावलं, वर अक्षता दाबल्या. मग वळून ती दारात उभ्या असलेल्या बायकांना एकामागून एक लावत आली.

मयूरा त्या रांगेत उभी होती. मुद्दाम नव्हे, मॉप घेऊन मधेच अडकली होती म्हणून. विनीता जवळ आली तशी तिने ओला हात ॲप्रनला पुसला आणि मान किंचित पुढे केली. सवयीने. आईच्या घरी कुणी तबक घेऊन आलं की होते तशी. विनीता म्हणाली, "एक्स्क्यूज मी," आणि तिच्या बाजूने वाट काढून पुढच्या बाईकडे गेली.

दुष्टपणाने केलं असतं तर एक वेळ भांडता आलं असतं. तिला मयूरा दिसलीच नव्हती. मॉप दिसला होता.

सहाला सगळे गेले. ओढण्या, पाट, समई उद्या येऊन नेतो, असं शिवांगी म्हणाली. मयूराने सव्वाशे खुर्च्या उचलल्या, दिवे घालवले, कुलूप लावलं. ओढण्यांच्या आत काय आहे आणि काय नाही हे पाहायचं त्राण तिला उरलं नव्हतं.

सोमवारी सकाळी सातला तिने झाडूचं कपाट उघडलं. खालच्या फळीवर कागदी टेबलक्लॉथचं एक गाठोडं होतं. सोडलं. आत अथेनाचं घुबड. चोच नव्हती. डावा पंख तीन तुकड्यांत बाजूला ठेवलेला. ती तिथेच फरशीवर बसली आणि तेवढ्यात फोन वाजला.

"गुड मॉर्निंग मयूरा!" शिवांगी. "काल सॉलिड झालं ना सगळं? लोक अजून मेसेज करतायत. ऐक, ते घुबड बघितलंस का?"

"हातात आहे."

"हां, तर ॲक्च्युअली काय झालं, देवीच्या पूजेत घुबड कसं ठेवणार ना? दोन-तीन काकूंनी ऑब्जेक्शन घेतलं, अशुभ असतं म्हणून. गुरुदत्त ते मागच्या अंगणात ठेवायला नेत होता, पायरीवर सटकलं त्याच्या हातून." गुरुदत्त म्हणजे शिवांगीचा नवरा. "तुझ्या कपाटात ठेवलं. सेफ आहे."

"सेफ?"

"अगं म्हणजे तुकडे हरवले नाहीत. आता प्लीज ऐक. दिवाळीचं बुकिंग आपलं इथेच आहे. ही बाई भडकली तर कॅन्सल करेल. तर तू असं सांगशील का, की पुसताना तुझ्या हातून पडलं? तू रोजचीच आहेस, तुला काही बोलणार नाही ती. साफसफाई करताना होतंच असं, नो वरीज."

मयूराने पंखाचे तुकडे कागदावर जुळवून पाहिले. शिवांगीला वाटलं, गाडी रुळावर येतेय. "आणि पुढच्या वर्षी तुला कमिटीत घेऊ या. आपल्यातलीच आहेस तू."

"बघते," मयूरा म्हणाली आणि फोन ठेवला.

बघते! फोन ठेवल्यावर तिला सगळ्यात जास्त राग आला तो या शब्दाचा. शिवांगी निगरगट्ट आहे, ठीक आहे. पण हिची जीभ कुणी धरली होती? पंधरा वर्षं झाली, व्हिसा नाही, घरमालक नाही, शेफ नाही, तरी समोरच्याने हात पुढे केला की ही आपली मान त्यात ठेवते. आणि क्षणभर, खोटं कशाला सांगा, क्षणभर तिच्या मनात आलंही होतं, की कमिटीत घेतील. आपल्यातली म्हणतील. हे मनात आलं याची तिला इतकी चीड आली की तिने झाडूचं कपाट लाथेने बंद केलं.

कारण शिवांगीचा हिशेब बरोबर होता. किरिया खरंच काही बोलली नसती. मयूराने एकदा कुत्र्याचा कान कबूल केला होता, म्हणून घुबडही तिच्या नावावर सहज खपलं असतं. सहा वर्षांपूर्वीचं तिचं खरं या बयेला आजच्या खोट्याखाली अंथरायला हवं होतं. मयूराने ते दिलं असतं तर किल्ल्या तिच्याकडेच राहिल्या असत्या, आणि त्या कमरेला लावताना रोज तिला कळलं असतं की त्या आता तिच्या नाहीत.

ती दर्शनी खोलीत आली आणि ओढण्या उतरवू लागली. अथेनाची उतरवली आणि थांबली. घुबडाच्या खुंटीवर मोर होता. हेराचा मोर. सरस्वती म्हटल्यावर मोर हवाच. चिंचवडच्या शाळेत पाटीवर काढलेल्या सरस्वतीजवळही तो होताच की. मंडळाने हेराच्या हातून काढून तिला दिला होता आणि परत करायचं विसरून गेले होते. हेरा बिचारी नुसतं डाळिंब धरून उभी.

मयूराचा हात आपोआप मोराकडे गेला. मोर खुंटीवरून अर्धा वर आला होता. मग तिने तो पुन्हा खाली दाबला. ओढण्या आणि पाट्या तेवढ्या उतरवीन, मोर नाही हलवणार. कुंकूही नाही पुसणार. त्यांनी जे केलंय ते जसंच्या तसं राहू दे. पहिल्यांदाच ती आपल्या हॉलमध्ये फडकं न घेता, खुर्ची ओढून बसून राहिली.

अकराला किरिया आली. काठी कोपऱ्यात ठेवली, "कालिमेरा, मयूरा," असं ग्रीकमध्ये अभिवादन केलं आणि नेहमीसारखा पहिल्या मूर्तीच्या हाताला हात लावला. बोटं पिसाऱ्यावर गेली. "हेरा," ती म्हणाली. मग थबकली. हेरा दुसरी असते. पुन्हा चाचपलं. दोन पावलं मागे गेली, भिंत चाचपली, दार कुठे ते पाहिलं, परत पुढे आली. पुन्हा पिसाराच. दुसऱ्या मूर्तीकडे गेली, तिथे डाळिंब लागलं आणि पक्षी नाही.

"मयूरा," ती हळू आवाजात म्हणाली, "मी कुठे उभी आहे?"

डोळे गेले होते, आता डोकंही चाललं, असं त्या बाईला वाटलं होतं. मोर पुरावा म्हणून ठेवताना हे मयूराच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती धावत गेली आणि तिने किरियाचे दोन्ही हात धरले. "तुम्ही बरोबर उभ्या आहात. अथेनाच आहे ही. तिच्या हातात दुसऱ्याची वस्तू दिलीय. तुमचं काही चुकलेलं नाही."

आणि नेमकं तेव्हाच दार ढकलून शिवांगी आत आली. खांद्याला पर्स, हातात गाडीची किल्ली. तिने किरियाचा उतरलेला चेहरा पाहिला, मयूराने तिचे हात धरलेले पाहिले आणि सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय अशी तिची समजूत झाली.

"आय ॲम सो सॉरी अबाउट द आउल," ती गोड आवाजात म्हणाली. "मयूराला फारच वाईट वाटतंय. साफ करताना हातून निसटलं बिचारीच्या. प्लीज तिला रागावू नका."

बिचारी! मयूराने किरियाचे हात सोडले.

"शिवांगी, मी काही पाडलेलं नाही," ती मराठीत म्हणाली, आणि तिचा आवाज हॉलच्या टोकाला जाऊन परत आला. "तुझ्या नवऱ्याने पाडलं. तुम्ही ते गुंडाळून माझ्या झाडूंच्या कपाटात कोंबलंत. मला विचारलं नाहीत, तिला विचारलं नाहीत. एका माणसाने मरेपर्यंत खपून केलेल्या मूर्ती आहेत या, तुमच्या स्टेजचं सामान नाही. तुम्हाला घुबड अशुभ वाटलं. मोडलेलं दुसऱ्याच्या नावावर टाकायचं, ते मात्र शुभ? मी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी सॉरी म्हणत आलेय. तुझ्यासाठी म्हणणार नाही. तू म्हण."

"अगं, हळू. आपण घरात बोलू या ना हे, त्यांच्यासमोर कशाला..."

"घर कुठलं? हेच माझं कामाचं ठिकाण आहे." मग ती किरियाकडे वळली आणि तेच सगळं, एक शब्द न गाळता, इंग्रजीत पुन्हा बोलली. आवाज कापत होता. रागाने कापत होता, आणि तिने तो कापू दिला.

किरियाने ऐकून घेतलं. शिवांगी "नो, नो, इट्स अ मिसअंडरस्टँडिंग" म्हणत होती, त्या आवाजाच्या दिशेने तिने मान वळवली.

"हिने कुत्र्याचा कान तोडला," ती म्हणाली, "आणि तो अजून हातात होता तेव्हा मला फोन केला. घुबड हिने तोडलं असतं तर मी काल आले असते. आणि अथेनाला मोर? ही मुलगी झोपेतसुद्धा अथेनाला मोर देणार नाही. ज्याने मोर लावला, त्यानेच घुबड काढलं."

मयूराला वाटलं, संपलं. पण किरियाने आता तिच्यापुढे तळवा धरला.

"तू म्हणालीस, माझी माणसं आहेत. म्हणून मी दार उघडू दिलं. किल्ल्या दे."

मयूराने कमरेचा जुडगा काढून त्या तळव्यावर ठेवला. वाद घातला नाही. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. किरियाने मूठ मिटली आणि आपली हजेरी पुन्हा सुरू केली, पण आता हातांची नाही. मोर पाहताना तिच्या मनगटाला अक्षतांचा दाणा चिकटला होता, तो कुठून आला ते ती शोधत होती. अथेनाचं कपाळ चाचपलं. बोट लाल झालं. हेराचं कपाळ. डिमीटरचं. एकेक करत ती थेट दाराशी, हेकाटीपर्यंत गेली आणि लाल-पिवळी बोटं डोळ्यांच्या कडेला धरून पाहत राहिली.

"हे काय आहे?"

शिवांगीला बोलायला काहीतरी मिळालं. "हा मान असतो आमच्यात. देवीला लावतात, आणि घरी आलेल्या प्रत्येक बाईला. कुणालाही तसंच पाठवत नाहीत."

"प्रत्येक बाईला."

"हो. ॲब्सोल्यूटली."

किरिया मयूरापाशी आली. मूर्तींना लावला होता तसाच हात तिने मयूराच्या कपाळाला लावला. अंगठा एका भुवईपासून दुसऱ्या भुवईपर्यंत नेला. परत आणला.

"ही काल इथे नव्हती?"

मयूराच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसावंसं तिला वाटलं नाही.

"होते," ती म्हणाली. "सहापर्यंत होते."

"सात प्लास्टरच्या बायकांना लावलं," किरिया शिवांगीला म्हणाली. "दाराशेजारच्या सातवीलासुद्धा. हिला नाही. आणि ही मला सांगत होती, माझी माणसं." तिने मूठ उघडली, मयूराचा हात शोधला आणि किल्ल्या परत त्यात ठेवल्या. "तू खोटं बोलली नव्हतीस. तुला माहीत नव्हतं."

शिवांगीचा चेहरा पडला होता. खरोखर पडला होता, नाटक नव्हतं. तिने घाईने पर्स उघडली, कालचा चांदीचा करंडा काढला, झाकण उघडून बोट कुंकवात बुडवलं आणि दोन पावलं पुढे आली. "सॉरी गं मयूरा. खरंच राहून गेलं. ये, आत्ता लावते."

मयूरा एक पाऊल मागे सरली. शिवांगीचं लाल बोट तसंच हवेत राहिलं.

"ओढण्या खुर्चीवर आहेत," मयूरा म्हणाली. "समई आणि पाट दाराशी ठेवलेत. घेऊन जा. मला दार लावायचंय."